शोभेचा एक शब्द

हसुरामबाबांनी माझी ओळख करून घेतली ती माझ्या अंगावर घागरभर पाणी ओतून.

चूक माझी होती. या लेखात पुढे जिथे चूक दिसेल तिथे ती माझीच आहे असं वाचकांनी धरून चालावं, म्हणजे मला दर वेळी कबुलीजबाब द्यायला नको. मी तेव्हा नवाकोरा वकील होतो. पनवेलच्या कोर्टात सगळ्यांत काळा कोट माझा आणि सगळ्यांत पांढरी डायरीही माझीच. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो त्या तात्यांच्या घरी लग्न निघालं होतं आणि वरातीसाठी नळे सांगून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खाडीच्या अंगाला, वस्तीपासून हाकेच्या पलीकडे एक खोप होती. तीत हसुरामबाबा दारू करत. दारू म्हणजे शोभेची दारू: नळे, बाण, चंद्रज्योती. हा खुलासा मी इथे पहिल्या झटक्यात करून टाकतोय. जिथे करायला हवा होता तिथे केला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

तर मी गेलो तो वकिलाला शोभेल अशा थाटात, म्हणजे तोंडात पेटलेली सिगारेट धरून. दाराशी पोचतो न पोचतो तोच डोक्यावरून पाणी आलं. कोट ओला, सिगारेट ओली, तात्यांची चिठ्ठी ओली. समोर एक बुटका, काळा, भुवया नसलेला म्हातारा रिकामी घागर घेऊन उभा.

"अहो, मी वकील आहे!" मी ओरडलो.

"वकील पन पेटतो," तो म्हणाला. "आता बोला, काय काम हाय?"

भुवया तरुणपणीच जळल्या होत्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यामुळे चेहऱ्यावर कायम किंचित नवल असे. नाव हसुराम, पण हसताना मी त्यांना पाहिलं नाही. मी एकदा तसं बोललो तर म्हणाले, "दात काडले का गंधक तोंडात जातो." जातीचे आगरी, मिठागरावर वाढलेले. त्यांच्या बोलण्यात ळ नसे. नळ्याला ते नला म्हणत आणि तेच बरोबर वाटे. अंगात बंदी, तिला बटणाऐवजी बांधायचे कसे. हातात अंगठी नाही, कमरेला किल्ली नाही. खोपीला कुलूपसुद्धा नव्हतं. "लोखंडावर लोखंड घासला का ठिनगी," हे त्यांचं शास्त्र. दाराला काथ्याची दोरी, आणि तिला अशी गाठ की ती बाबांना आणि त्यांच्या मुलीला, अनशीलाच सुटे. ज्या माणसाने जन्मात कधी कुलूप लावलं नाही त्याला मी पुढे कुलूप विकलं, ती ही गोष्ट.

त्यांचा सगळा कारभार जिभेवर चाले. सोरा, म्हणजे दारूतला पांढरा खार, आला की चिमूट जिभेवर. "गार लागला पायजे. गार नाय लागला तर माती हाय." कोळसा जिभेवर. खळ जिभेवर. पुढे मी त्यांच्याकडे पहिल्यांदा कोर्टाचा तिकीट लावलेला कागद घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तिकिटाची कड उचकटून जीभ लावली आणि म्हणाले, "सरकारचा गोंद बरा नाय."

तात्यांकडचं लग्न झालं तरी मी खोपीवर जात राहिलो, आणि माझी चव त्यांनी पहिल्याच महिन्यात घेतली होती. मी एकदा त्यांना माझ्या एका अशिलाची हकीकत रंगवून सांगत होतो. ती हरलेली केस होती, पण भाषण मात्र फर्डं झालं होतं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "वकील, तुमच्या तोंडाला वात हाय. पोटात दारू नाय."

अनशी आत नळा भरत होती. ती खुदकन हसली. तिला गंधकाची भीती नसावी.

अनशी म्हणजे अनसूया. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, तिशीची, बापासारखीच बुटकी. नळ्यात दारू ठोकून भरायचं काम तिचं. लाकडी दांड्यावर लाकडी मोगरी: दोन हलके ठोके, एक भारी. दोन हलके, एक भारी. मी बांधावरून येताना तो आवाज ऐकूनच सिगारेट विझवायला शिकलो. खोपीतली खरी गोष्ट बाबांनी मला एकदा सहज सांगितली. "माजा हात आता कापतो. माजा नला मदे येकदा खोकतो. हिचा खोकत नाय." म्हणजे काय, ते मला जत्रेत दुसऱ्यांचे नळे बघून कळलं. वरच्या धारेत मधेच एक खंड पडतो, फुसकन आवाज होतो आणि नळा पुन्हा चालू होतो. तो खोकला. गेली काही वर्षं बाबांच्या नावाने लागणारा एकही नळा खोकला नव्हता, कारण एकही बाबांनी भरलेला नव्हता.

त्या नळ्यांचा राजा म्हणजे प्राजक्त. गावदेवीच्या जत्रेत दिवेलागणीला तो लागे. आधी पांढऱ्या फुलांची धार पुरुषभर वर जायची. तिथवर कुणाचाही नळा जातो. पण खाली येताना प्रत्येक फुलाला केशरी देठ फुटायचा आणि ती फुलं सावकाश, एकेक करून, झाड हलवल्यासारखी पडायची. देवळापुढची माणसं गप्प होत. पोरीबाळी नकळत ओचा पसरत. आणि हसुरामबाबा? ते नळ्याकडे पाठ करून उभे असत.

"बाबा, बघत का नाही?" मी विचारलं होतं.

"नला मला म्हाईत हाय. मानसा बघायची."

मुंबईच्या एका फटाकेवाल्या शेठने या प्राजक्ताची नक्कल करायला बरीच वर्षं घातली. त्याचा मुकादम गोविंदा दर जत्रेला येई, पहिल्या रांगेत बसे आणि विझलेल्या नळ्याची राख पुडीत बांधून नेई. शेठच्या नळ्यातून पांढरी फुलं पडत, पण देठ काही येईना. बाबा म्हणत, "त्यांच्या नल्यातून तगर पडते." एवढ्यावर ते विषय सोडून देत.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी विषय सोडला नाही. मला खोपीपुढच्या बाकावर बसवलं आणि स्वतः उभे राहून, साहेबापुढे बोलावं तसं बोलले.

"वकील, मी अजून दोन जत्रा बगन, नायतर तीन. मंग अनशीला कोन बोलावनार? बाईमानसाच्या हातची दारू कोन लावनार? म्हनतील, म्हातारा गेला, नला गेला. मला कागूद पायजे. सरकारी. का हा नला हिचा हाय, दुसऱ्या कोनाचा नाय."

माझ्या डायरीतलं ते पहिलं स्वतंत्र काम. मी तात्यांच्या कपाटातून शोधांच्या मालकीहक्काचं जाडं पुस्तक काढलं आणि त्याचं एक पान इतकं तन्मयतेने वाचलं की उलटायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी खोपीवर जाऊन व्याख्यान दिलं. सरकार या कृतीची नोंद करील, मग चौदा-सोळा वर्षं कुणाची टाप नाही. मात्र कृती पूर्ण लिहून द्यावी लागेल.

बाबांच्या नसलेल्या भुवया वर गेल्या. "म्हंजे चोर येऊ नये म्हनून घरात काय काय हाय त्याची दवंडी पिटायची?"

"दवंडी नाही हो. नोंद. सरकारदरबारी."

"सरकारला नला लावायचाय?"

"नाही."

"मंग त्याला कशाला सांगायचा?"

आज या प्रश्नाचं मोल कळतं. तेव्हा मी हसलो, वकील अडाण्याला हसतो तसा. म्हणालो, "बाबा, कायदा असा आहे. आणि एक लक्षात ठेवा, काहीही लपवायचं नाही. एक जिन्नस जरी राखून ठेवलात तरी कागद रद्द." हे वाक्य पुस्तकात होतं आणि मी ते जरा जास्तच ठासून म्हटलं.

बाबा आत गेले. मडक्यातून मूठभर खडेमीठ घेऊन आले. ते त्यांच्या बापाच्या मिठागरातलं होतं. मिठागर कधीच दुसऱ्याचं झालं होतं, पण मीठ जपून ठेवलेलं. मूठ मिटून छातीशी धरली आणि माझ्या कानाला तोंड लावून सगळी कृती सांगितली. सोरा, गंधक, बिडाच्या लोखंडाचा कीस, आणि कोळसा. कोळशाशी आल्यावर ते थांबले. दुसरे दारूवाले कोळसा करतात रुईचा, नाहीतर तुरीच्या काड्यांचा. बाबा करत तिवराचा. खाडीच्या खाऱ्या चिखलात उभं असतं ते तिवर. त्याच्या लाकडात मीठ मुरलेलं असतं, त्या मिठातून केशरी देठ येतो. पण मीठ ओल धरतं आणि ओली दारू लागत नाही. तेव्हा तिवर कधी तोडायचा, किती दिवस कुठे वाळवायचा, भट्टी कशी झाकायची, हे सगळं त्यांनी सांगितलं. प्रमाण मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे.

"अनशीशिवाय तुमीच," ते म्हणाले आणि मीठ पुन्हा मडक्यात टाकलं.

घरी येऊन मी मसुदा केला. मथळा होता: 'हसुराम यांच्या शोभेच्या दारूची कृती व तीवरील मालकी हक्काबाबत अर्ज.' तो तात्यांना दाखवला. तात्या पान लावत होते; त्यांनी फक्त पहिली ओळ आणि माझा चेहरा पाहिला. "भाषा आवर," ते म्हणाले. ते मला नेहमीच म्हणत, "वकिलाच्या कागदात शोभेचे शब्द नकोत." मी आज्ञाधारक. रात्रभर चाळणी लावून एकेक विशेषण काढलं. 'अत्यंत मनोहर' काढलं, 'सुप्रसिद्ध' काढलं. आणि मथळ्यात तर साक्षात 'शोभेच्या' असाच शब्द होता. तो मी पट्टी धरून खोडला. मजकुरात जिथे जिथे होता तिथूनही. पक्का कागद इतका आटोपशीर झाला की मी तो स्वतःलाच दोनदा वाचून दाखवला: 'हसुराम यांच्या दारूची कृती व तीवरील मालकी हक्काबाबत.'

असा तो कागद मी सहीशिक्क्यासाठी मामलेदार कचेरीत टाकला.

राज्यात तेव्हा दारूबंदी होती आणि खाडीतल्या तिवरांच्या आडोशाला हातभट्ट्या पेटत. कचेरीतल्या माणसाने वाचलं असेल ते असं: खाडीकाठची खोप, मडकी, तिवर, भट्टी, दारूची कृती, आणि वर मालकी हक्क मागण्याचा निगरगट्टपणा! त्याच्या जागी मी असतो तर मीही जमादार पाठवला असता.

पाच दिवसांनी भर दुपारी कुणीतरी धावत आलं: बाबांकडे धाड पडलीये. मी कोर्टातून तसाच पळालो. खोपीपुढे गर्दी. जमादार मडकी हुंगत होता. एका शिपायाला बाबांनी सोरा चाखायला दिला होता आणि तो म्हणत होता, "साहेब, गार लागतंय." पंच म्हणून उभे केलेले दोघे. एक शेजारच्या शेतातला म्हातारा, दुसरा बाजारातून चालला होता म्हणून धरून आणलेला. तो होता गोविंदा मुकादम. मी त्याला पाहिलं. पाहिलं आणि नमस्कारसुद्धा केला.

"जमादारसाहेब, गैरसमज आहे," मी म्हणालो. "ही शोभेची दारू आहे."

"कागदावर तसं नाही."

"कागद नीट वाचा ना!"

"तुमचं अक्षर लागत नाही." त्याने अर्ज माझ्यापुढे धरला. "तुम्हीच वाचा. मोठ्याने. पंचांना ऐकू गेलं पाहिजे. एकेक जिन्नस कागदावरचा आणि मडक्यातला जुळला तर सोडतो."

आणि मी वाचलं. मी काय वाचलं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरी बाजू होती, ऐकायला माणसं होती आणि न्याय चार पावलांवर उभा होता. सोरा, इतके भाग. शिपायाने मडकं दाखवलं. गंधक, इतके भाग. मडकं. माझा आवाज चढत गेला. एवढ्यात अनशी तांब्या घेऊन मधे आली.

"वकीलदादा, पानी घ्या."

"नको," मी म्हणालो.

"घ्या ना. आदी पानी घ्या. दमलाव तुमी." तिने तांब्या जवळजवळ माझ्या तोंडालाच लावला. थोडं पाणी कागदावर सांडलं. मला वाटलं, केवढी कृतज्ञ पोर! मी तिला हाताने बाजूला केलं, कागद झटकला आणि पुढे वाचलं. तिवराचा कोळसा. तोडायचा कधी, वाळवायचा कसा, भट्टी झाकायची कशाने. शब्दन्‌शब्द, पंचांना ऐकू जाईल असा.

जमादार भला माणूस. त्याने बाबांना हात जोडले, "माफ करा, म्हातारबुवा," म्हणाला आणि मडकी होती तशी ठेवायला लावून शिपायांसह निघून गेला. मी जिंकलो होतो. मी घाम पुसत वळलो, टाळ्यांना वळावं तसा.

बाबा बाकावर बसले होते. गोविंदा बांधावरून झपाझप चालला होता. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता आणि ओठ हलत होते, पाठ केलेलं विसरू नये म्हणून पोर पुटपुटतं तसे. अनशी त्याच्याकडे बघत उभी होती, रिकामा तांब्या हातात.

"वकील," बाबा म्हणाले, "वाचलाव चांगला."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला पळून जाता आलं असतं.

मी नवा अर्ज केला, 'शोभेच्या' घालून, तीन ठिकाणी अधोरेखित करून. कलकत्त्याहून सभ्य भाषेत उत्तर आलं: जी वस्तू अर्जाच्या आधीच वर्षानुवर्षं लोकांसमोर उघड वापरात आहे, तिच्यावर असा हक्क मिळत नाही. मी तात्यांचं पुस्तक पुन्हा काढलं आणि ते पान उलटलं. मागच्याच बाजूला, दुसऱ्या ओळीत, हे लिहिलेलं होतं. म्हणजे ज्या दिवशी देवळापुढे पहिला प्राजक्त लागला त्या दिवशीच त्याचा कागद होण्याची शक्यता संपली होती. बाबांनी मीठ हातात घेऊन मला जे सांगितलं, ते सांगायची गरजच नव्हती. मी ते पत्र घेऊन खोपीवर गेलो. वाचायची हिंमत झाली नाही, नुसतं पुढे केलं. बाबांनी तिकिटाची कड उचकटली, जीभ लावली आणि पत्र परत दिलं.

पुढच्या दिवाळीला बाजारात मुंबईचे नळे आले. वर रंगीत कागद, त्यावर फुलाचं चित्र, खाली 'प्राजक्त' आणि शेठचं नाव. शेठचा वकील माझ्यापेक्षा शहाणा. त्याने कृतीच्या नादी न लागता नाव आणि चित्र नोंदवून घेतलं होतं. त्यामुळे बाबांना एक नोटीस आली की आपल्या नळ्याला प्राजक्त म्हणू नये. तीही मीच वाचून दाखवली. यावेळी हळू आवाजात.

"मंग काय म्हनू त्याला?" बाबांनी विचारलं. खरोखरच विचारलं. मी नोटीस घडी घालून खिशात ठेवली.

अनशीला मुंबईचं बोलावणं घेऊन गोविंदा स्वतः आला. शेठच्या कारखान्यात नळे खोकत होते. भरणारा हात पाहिजे होता. ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. बाबांनीच तिला पाठवलं. "हात रिकामा ऱ्हायला का इसरतो," एवढंच म्हणाले. ती निघाली तेव्हा मी एस्टीच्या थांब्यावर होतो. मला बघून तिने नेहमीसारखं विचारलं, "वकीलदादा, पानी घेतलाव का?" आणि मग ते आपण काय बोललो हे कळून तिचं तिलाच कसंनुसं झालं.

त्यानंतर खोपीतून ठोके ऐकू आले नाहीत. मी मात्र त्या बांधावर आलो की सवयीने सिगारेट विझवत असे.

हसुरामबाबांना मी शेवटचं पाहिलं ते गावदेवीच्या पुढच्या जत्रेत. मिठाई, पाळणे, पिपाण्या, सगळं तसंच. बाबा देवळाच्या कठड्याशी उभे होते, बंदीचे कसे नीट बांधलेले. मी जवळ जाऊन उभा राहिलो. वर्षभर एक आशा मी मनात धरून होतो. जुने कारागीर म्हणे कितीही सांगितलं तरी शेवटचा एक जिन्नस पोटात ठेवतात. दिवे लागत होते. मी विचारलंच.

"बाबा, खरं सांगा. काहीतरी राखून ठेवलं होतंत ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया नसल्यामुळे तो चेहरा नेहमीच नवल केल्यासारखा दिसे; त्या दिवशी ते नवल खरं होतं.

"तुमीच बोललाव ना, काय लपवायचा नाय म्हनून."

एवढ्यात पुकारा झाला: मुंबईच्या शेठचा प्राजक्त! माणसं मागे सरली. बाबा सवयीने नळ्याकडे पाठ करून उभे राहिले, तोंडं बघत. नळा लागला. समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवर आधी पांढरा उजेड आला, मग केशरी. पोरींनी ओचे पसरले. बाबा मान किंचित कलती करून ऐकत होते. धार चढली, टिकली, जिथे खंड पडायचा तिथे पडला नाही.

"खोकला नाय," ते म्हणाले.

आणि ते वळले. त्यांचं तोंड नळ्याकडे झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "अनशीनं भरलाय."

शेवटचं फूल पडेपर्यंत ते बघत राहिले. मागे लोक शेठच्या नावाने टाळ्या देत होते. बाबा सावकाश पुढे गेले, त्या विझलेल्या नळ्यापाशी उकिडवे बसले. रंगीत कागद अर्धा जळला होता. त्यांनी बोटाने आतली राख खरवडली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"मीठ बराबर हाय," ते म्हणाले.